भाव ब्रेंटचा, तेल भलतेच

ब्रेंट हे कच्चे तेल महागले की आपल्याकडे पेट्रोलची चिंता सुरू होते. ज्या तेलक्षेत्रावरून हे नाव पडले, ते उत्तर समुद्रात, शेटलंड बेटांच्या ईशान्येला. शेल कंपनीला ते १९७१ मध्ये सापडले, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि २०२१ मध्ये तिथला शेवटचा प्लॅटफॉर्मही थांबला. भाव मात्र आजही रोज जाहीर होतो. ब्रेंट आटू लागले तसतशी फोर्टीज, ओसेबर्ग, एकोफिस्क, ट्रोल ही शेजारची तेले हिशेबात घेतली गेली. २०२३ पासून तर थेट टेक्सासचे मिडलंड तेलही. यातले जे त्या दिवशी स्वस्त पडेल, त्यावर ब्रेंटचा भाव ठरतो.

यात फसवाफसवी नाही. तेले शेकडो प्रकारची. कुणात गंधक जास्त, कुणी जड. प्रत्येकाच्या भावाची नव्याने घासाघीस कोण करणार? म्हणून एक तेल प्रमाण धरायचे आणि ‘ब्रेंट अधिक दोन डॉलर’, ‘ब्रेंट उणे तीन’ असे करार करायचे. व्यवहार म्हणून हे ठीकच. पण प्रमाण भाव हा शेवटी माणसांनी बसून ठरवलेला संकेत आहे, हे विसरले की तो आकाशातून पडल्यासारखा वाटू लागतो.

तो किती मानवी, किंबहुना किती स्थानिक असतो, हे २० एप्रिल २०२० ला दिसले. अमेरिकेचे प्रमाण तेल डब्ल्यूटीआय. त्याचा वायदा संपताना माल ओक्लाहोमातल्या कुशिंग गावी प्रत्यक्ष ताब्यात घ्यावा लागतो. कोविडमुळे मागणी कोसळलेली, आणि समुद्रापासून दूर असलेल्या कुशिंगमधल्या टाक्या भरलेल्या किंवा आधीच भाड्याने गेलेल्या. ज्यांच्या हातात मे महिन्याचा वायदा उरला होता, ते ‘पैसे घ्या, पण तेल न्या’ म्हणू लागले आणि भाव पिंपाला उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. ब्रेंट त्याच दिवशी २५ डॉलरच्या आसपास होते. झळ मुंबईलाही बसली. टाळेबंदीमुळे एमसीएक्स या वायदेबाजाराचे व्यवहार संध्याकाळी पाचलाच आटोपले होते; खरी पडझड त्यानंतर झाली. इथले वायदे अमेरिकेतल्या भावाने मिटवायचे असल्याने सौदापूर्ती पिंपामागे उणे २,८८४ रुपयांनी झाली. कुशिंगची टाकी जन्मात न पाहिलेल्यांनी तिथल्या जागेच्या टंचाईची किंमत मोजली.

नैसर्गिक वायूची गोष्ट तर याहून विचित्र. तेल जहाजात भरून कुठेही नेता येते. वायूला नळ हवा, नाहीतर उणे १६२ अंशांपर्यंत गार करून त्याचा द्रव करावा लागतो. त्यामुळे त्याला एक जागतिक भाव नाहीच. लुइझियानातला हेन्री हब, नेदरलँड्सचा टीटीएफ, पूर्व आशियाचा जेकेएम अशी निरनिराळी मापे आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये युरोपातला भाव अमेरिकेच्या कितीतरी पट झाला होता.

आता बॉम्बे हायचा वायू पाहा. तो मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर निघतो आणि उरणला किनाऱ्यावर येतो. पण २०१४ च्या सूत्राने त्याचा भाव हेन्री हब, ब्रिटन, कॅनडातला अल्बर्टा आणि रशिया इथल्या भावांच्या सरासरीवर दर सहा महिन्यांनी ठरू लागला. २०२०-२१ मध्ये तो दहा लाख बीटीयूमागे १.७९ डॉलरपर्यंत घसरला, ऑक्टोबर २०२२ मध्ये ८.५७ वर गेला. पहिल्या भावात ओएनजीसीचा खर्च निघेना, दुसऱ्यात रिक्षावाल्यांचा. समुद्रातल्या विहिरींच्या खर्चात मधल्या काळात असा काय फरक पडला होता? मला हे सूत्र मुळातच चुकीचे वाटते: ज्या देशांत वायूची रेलचेल, त्यांचा भाव टंचाईच्या देशाला लावण्यात तर्क कसला?

एप्रिल २०२३ मध्ये किरीट पारीख समितीच्या अहवालानंतर सरकारने ते सूत्र बदलले. तेव्हापासून भाव आपण आयात करतो त्या कच्च्या तेलाच्या सरासरीच्या १० टक्के, तोही सुरुवातीला ४ ते ६.५ डॉलरच्या मर्यादेत. मुंबईत सीएनजी लगेच किलोमागे ८ रुपयांनी उतरला. वायूला तेलाच्या शेपटीला बांधणे हेही मनमानीच आहे. पण खालची आणि वरची मर्यादा घालून सरकारने निदान मान्य केले की प्रमाण भाव मुकाट्याने स्वीकारायची गोष्ट नाही. २०२५ मध्ये वरची मर्यादा पाव डॉलरने वाढली. पुढच्या वेळी सीएनजी महागला, तर ‘आंतरराष्ट्रीय बाजार’ या उत्तरावर थांबू नका. सूत्र कोणते आणि ते कोणी ठरवले, हे आपल्या खासदाराला विचारा.