इशाऱ्याचा दिवा आणि सत्याचे व्रत

अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत आणि कॅनडात हिमवृष्टी झाली की सार्वजनिक रस्ते सरकारी यंत्रणा मोकळे करतात, परंतु घरांपुढील वाटा आणि दुकानांची वाहनतळे यांवरील बर्फ बहुधा खासगी व्यावसायिक हटवतात; पिकअप ट्रकच्या तोंडाशी रुंद पाते, म्हणजे प्लाऊ, बसवून ते पहाटेच्या अंधारात पुढे-मागे होत राहतात आणि मागे सरताना पुष्कळदा थेट हमरस्त्यावर येतात. अशा वाहनाच्या टपावर सामान्यतः पिवळसर नारिंगी रंगाचा, उघडझाप करणारा दिवा असतो. तो कोणत्या रंगाचा असावा हे कायदा सांगतो; परंतु दिवा लावणे हेही एक प्रकारचे बोलणे असेल, तर सत्याचा नियम त्याला कितपत लागू होतो, हा प्रश्न कायद्याने सुटणारा नाही.

शब्द आणि अर्थ यांचा संबंध मीमांसकांनी नित्य मानला, तर नैयायिकांनी तो संकेतावर, म्हणजे ठरवून दिलेल्या रूढीवर, आधारलेला मानला. दिव्यांच्या बाबतीत नैयायिकांचे मत निर्विवाद ठरते. ऑन्टॅरिओत निळा दिवा बर्फ हटवणाऱ्या वाहनाचा, तर न्यूयॉर्क राज्यात तो स्वयंसेवक अग्निशामकाचा. मिशिगनने 2016 मध्ये हिरवा दिवा बर्फ हटवणाऱ्या वाहनांसाठी खुला केला, तोच न्यूयॉर्कमध्ये स्वयंसेवी रुग्णवाहिका-सेवकाची खूण आहे. रंगाला स्वतःचा अर्थ नाही, म्हणूनच तो अर्थ टिकवण्याचा सगळा भार माणसांच्या प्रामाणिकपणावर येतो.

न्यायशास्त्रात अनुमानाला आधार देणाऱ्या खुणेला लिंग म्हणतात आणि ती खूण व अनुमेय वस्तू यांच्या अव्यभिचारी साहचर्याला व्याप्ती. धूर आणि अग्नी यांची व्याप्ती निसर्गाने घालून दिलेली असल्यामुळे ती कोणाच्या आळसाने मोडत नाही. दिवा आणि धोका यांची व्याप्ती मात्र दररोज पाळावी लागते. काम आटोपून, पाते वर उचलून घरी निघालेला चालक दिवा चालूच ठेवतो, तेव्हा हे लिंग सव्यभिचार होते, म्हणजे धोका असो वा नसो, दोन्हीकडे आढळू लागते आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. याची किंमत तो स्वतः मोजेलच असे नाही; असे रिकामे इशारे पाहून ज्याची नजर निर्ढावली तो वाटसरू पुढच्या वळणावर खरोखर मागे सरणाऱ्या ट्रकजवळ वेग कमी करत नाही. कोणालाही प्रत्यक्ष न फसवता घडणारे हे असत्य आहे, आणि ते क्षुल्लक मानणे चूक आहे.

यात अधिकाराचाही प्रश्न गुंतलेला आहे. पोलिसांचा किंवा अग्निशामक दलाचा दिवा वाट मागतो, तर खासगी वाहनाचा नारिंगी दिवा केवळ सावधगिरीची विनंती करतो; त्यामुळे पहिला दिवा आज्ञार्थी, तर दुसरा माहितीपर म्हणता येईल. माहितीचे चिन्ह आज्ञेसारखे वापरण्याचा मोह भारतीय वाचकाला नवा नाही. 1 मे 2017 पासून भारतातील मंत्र्यांच्या व उच्चपदस्थांच्या गाड्यांवरील लाल दिवे उतरले, त्यापूर्वी ते कोणत्याही धोक्याचे नव्हे, पदाचेच सूचक झाले होते.

पातंजल योगसूत्रांवरील व्यासभाष्यात सत्य या यमाचे, म्हणजे आचरणातील संयमाचे, जे विवेचन आहे ते येथे विशेष उपयोगी पडते, कारण त्यात वाणीचे तीन दोष वेगळे केले आहेत: ती फसवणारी नसावी, भ्रमातून निघालेली नसावी आणि ऐकणाऱ्याला बोध न देणारी, म्हणजे वांझ, नसावी. शिवाय ती भूतमात्रांच्या हितासाठी असावी, अशी अटही भाष्यकार घालतात. यातील तिसरा दोष सर्वांत दुर्लक्षित आहे. रात्रीच्या हिमवृष्टीत अतिप्रखर एलईडी दिवा लखलखू लागला की पडणाऱ्या बर्फावरून तो प्रकाश उलटतो, समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, आणि धोका कोठे आहे, पाते कोणत्या बाजूला वळले आहे, हे त्याला उमगत नाही. येथे चालक खोटे बोलत नाही, त्याला भ्रमही झालेला नाही, तरीही त्याचे बोलणे वांझ ठरते. त्यामुळे रात्री दिव्याची प्रखरता कमी करणे ही केवळ तांत्रिक सोय न राहता सत्याचरणाचाच भाग होते, आणि हिताच्या अटीनुसार त्या प्रखरतेचे माप चालकाच्या सुरक्षिततेवरून नव्हे, तर बर्फाने पदपथ बुजल्यामुळे रस्त्याच्या कडेने चालत असलेल्या माणसाला काय दिसते यावरून ठरवावे लागते.