खरवडलेलं लाकूड

कपाटाच्या खालच्या कप्प्यात तपकिरी कागदाचं एक पाकीट आहे. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलंय: 'हिड्नम रिपँडम. वाघेरा घाट, जि. नाशिक. जमिनीवर. खाद्य.' खाली माझी सही. यातली जागा तेवढी खरी आहे.

'चूक झाली' म्हणून हे मिटवता आलं असतं. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, आणि अळंब्या ओळखण्यात भले भले फसतात हे मी दरवर्षी वर्गात सांगत आले. पण चूक न कळून होते. मला त्या दिवशी कळलं होतं. कळलं, आणि मी ते नखाने खरवडून टाकलं.

गिरणाऱ्याहून हरसूलला जाताना वाघेरा घाट लागतो. आषाढातला रविवार होता, चार दिवसांची झड जराशी उघडली होती. सागाच्या पाचोळ्यात, पायवाटेच्या कडेला काहीतरी मळकट पांढरं दिसलं. जेमतेम बोटभर रुंदीच्या, एकीवर एक चढलेल्या टोप्या. एक उलटून पाहिली. नेहमीच्या अळंबीला खाली पातळ पडद्यांच्या रांगा असतात; इथे दात होते. दुधासारखे पांढरे, दाटीवाटीने खाली लोंबणारे. दातेरी अळंबीची चित्रं मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढली होती, हातात मात्र कधी आली नव्हती. 'हिड्नम' हा शब्द डोक्यात आला आणि त्यानंतर डोक्यात दुसरं काही शिरलंच नाही.

उचलताना तळाशी लाकडाची एक ढलपी चिकटून आली. कुजलेली, आतून पांढुरकी पडलेली. हिड्नम मातीतून उगवतं, लाकडावर नाही. हे मला तेव्हाही पाठ होतं. पाचोळ्यातला कचरा असेल असं म्हणत मी ढलपी नखाने काढून टाकली. नमुना फोटोत स्वच्छ दिसायला हवा, हेही एक कारण मी स्वतःला दिलं. फोटो खरोखरच छान आला.

हिड्नमला जाडजूड देठ असतो. इथे देठ नव्हता. मी ठरवलं, उपटताना तुटला. हिड्नमचा गर ठिसूळ असतो, चटकन मोडतो. हे चामड्यासारखं चिवट होतं, पिळलं तरी तुटेना. मी ठरवलं, जून झालंय. ज्या बाईने 'अधिवास लिहिलेला नाही' म्हणून मुलांचे दोन-दोन गुण कापले, तिनेच हे सगळं एका छत्रीखाली उभं राहून तीन-चार मिनिटांत ठरवलं.

खरं तर एवढंही पाहायची गरज नव्हती. मान वर करून झाडं पाहिली असती तरी पुरे होतं. हिड्नम एकटं जगत नाही. ओक, बीच, पाइन अशा झाडांच्या मुळांवर त्याचे तंतू मोज्यासारखे चढतात. झाडाकडून साखर घेतात, झाडाला मातीतले क्षार आणि पाणी देतात. ती झाडं नसतील तर ते अन्न कुठून आणणार? सागाच्या मुळांतही कवकं असतात, पण ती वेगळ्या घराण्यातली. ती मुळांच्या पेशींच्या आत राहतात आणि त्यांना छत्र्या कधीच येत नाहीत. साग-ऐनाच्या रानात हिड्नम सापडलं म्हणणं म्हणजे गोदावरीत पापलेट सापडलं म्हणण्यासारखं. हा धडा मी स्वतः शिकवला होता, आकृती काढून.

मग असं का केलं? उत्तर लाजिरवाणं आहे आणि लहानसं आहे. फोटो काढतानाच मनात एक वाक्य तयार झालं होतं: 'नाशिक जिल्ह्यातली पहिली नोंद.' निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि माझ्या नावावर एकही नोंद नव्हती. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीने 1987 साली राज्यातल्या कवकांची जंत्री पुस्तकरूपाने काढली. पहिली नोंद म्हणायची तर आधी ते पुस्तक चाळायला हवं. मी चाळलं नाही. त्यात काय निघेल याची भीती होती, असं आज वाटतं. तेव्हा वेळ नव्हता असं वाटलं होतं.

परतताना चहाला थांबले. शेजारी एक म्हातारी सागाच्या पानांवर अळंब्या मांडून बसली होती, वारुळाजवळ उगवतात त्या. मी मोठ्या हौसेने माझी डबी उघडून दाखवली. तिने एकच टोपी चिमटीत धरून वाकवली आणि परत ठेवली. "हे लाकडाचं आहे बाई. हे नाही खात." मी हसले. त्या रात्री टिपणवहीत लिहिलं: 'स्थानिकांना ही जाती परिचित नाही.'

ती वही अजून माझ्याकडे आहे. पाकिटावरच्या नावापेक्षा मला हे वाक्य जास्त टोचतं. तिने चिवटपणा बोटांनी तपासला, लाकूड ओळखलं आणि निकाल दिला. नमुना तपासायची जी रीत मी शिकवत होते, तीच तिने पाळली. माझ्यापेक्षा नीट पाळली. आणि अज्ञानाचा शेरा मी तिच्या नावावर मारला.

पुढच्या महिन्यात एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तो फोटो मोठा करून लावला. खाली चिठ्ठी: 'हिड्नम रिपँडम, खाद्य.' युरोपात ही अळंबी आवडीने खातात, फ्रान्समध्ये तिला 'मेंढीचा पाय' म्हणतात, हेही रंगवून सांगितलं. नवशिक्यांनाही ही सहसा फसवत नाही, असं तिकडच्या पुस्तकांत असतं. तिकडच्या रानांपुरतं ते बरोबरही आहे. वाघेऱ्याच्या रानाला मी ते तसंच चिकटवलं. एका पालकांनी विचारलं, "मॅडम, हे नेमकं कुठे मिळतं?" मी घाटातलं वळण सांगितलं. पावसाळ्यात आपल्याकडे हिरव्या बीजाणूंची क्लोरोफायलम नावाची पांढरीशुभ्र छत्री गवतात उगवते. ती खाल्ली की उलट्यांनी माणूस हैराण होतो. ते गृहस्थ त्या वळणावर गेले का, तिथे त्यांना पांढरं म्हणून काय दिसलं, मला ठाऊक नाही. मी त्यांचं नावही विचारलं नव्हतं.

माझे दीर पिंपळगावला द्राक्षं करतात. पानावर पांढरं दिसलं की ते आधी पान उलटतात. वर तेलकट डाग आणि खाली पांढरी बुरशी असेल तर डाऊनी. राख भुरभुरल्यासारखं असेल तर भुरी. दोन्हींची औषधं निरनिराळी, चुकलं तर बाग जाते. 'पांढरं आहे ना, मग भुरीच' असं म्हणायची त्यांना सोय नाही. मला ती सोय होती. माझ्या चुकीचं बिल माझ्या नावावर फाटणार नव्हतं.

निवृत्तीनंतर एक जुना विद्यार्थी भेटायला आला. तो आता कवकांवरच काम करतो. कौतुकाने मी पाकीट काढून दिलं. भिंग लावून त्याने बराच वेळ पाहिलं. पाकिटाच्या घडीत लाकडाचा एक बारीक तुकडा राहिला होता; तो तळहातावर घेऊन म्हणाला, "मॅडम, हे कुठल्या झाडाचं?" आरोप केला असता तर मी भांडले असते. तो फक्त झाडाचं नाव विचारत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही पातळ काप घेतले, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात फुलवले, काँगो रेडने रंगवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. हिड्नममध्ये एकाच तऱ्हेचे पातळ भिंतीचे तंतू असतात आणि त्यांच्या सांध्यांवर बारीक आकडे. इथे तंतू दोन तऱ्हांचे निघाले. पातळ होते त्यांच्या सांध्यांवर एकही आकडा नव्हता. दुसरे जाड भिंतीचे, काठीसारखे सरळ. दातांवर मीठ फासल्यासारख्या स्फटिकांनी मढलेल्या पेशी उभ्या. बीजाणू मोजकेच सापडले, तेही लांबट. हिड्नमचे जवळजवळ गोल असतात. मग त्याने टोपीची अगदी कड भिंगाखाली आणली. तिथे, सगळ्यात कोवळ्या भागात, दात नव्हतेच. छिद्रं होती, अखंड. छिद्रांच्या भिंती वाढता वाढता फाटतात आणि त्या चिंध्या चपट्या दातांसारख्या लोंबतात. ज्या दातांवर मी एवढी भाळले, ते मुळात दात नव्हते.

ही इर्पेक्स प्रजाती, बहुधा इर्पेक्स लॅक्टिअस. मेलेल्या लाकडावर जगते, लाकडातलं लिग्निन पचवते आणि मागे पांढरट कूज ठेवते. माझ्या ढलपीचा पांढुरकेपणा तिचाच. लॅटिनमध्ये इर्पेक्स म्हणजे शेतातलं दाताळं आणि लॅक्टिअस म्हणजे दुधी. दुधी दाताळं. हे नाव त्या म्हातारीला सांगितलं असतं तर तिला चटकन पटलं असतं.

मनाने इथेही एक पळवाट काढलीच. लिनियसनेसुद्धा 1753 साली दात दिसले की हिड्नममध्ये टाकलं होतं. मातीतली रिपँडम, खवल्यांची इंब्रिकेटम आणि पाइनच्या शंकूवर उगवणारी इवलीशी ऑरिस्काल्पियम, सगळ्या एकाच पोत्यात. 1821 साली एलियास फ्रीसनेही पडदे, छिद्रं, दात अशा खालच्या बाजूच्या घडणीवरच मोठी विभागणी केली. आज त्या तिघी तीन निरनिराळ्या गणांत गेल्या आहेत आणि इर्पेक्स चौथ्याच गणात, छिद्रांच्या कवकांसोबत बसते. बीजाणूंना जास्त जागा मिळावी म्हणून दात पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या घराण्यांत उपजले. दातावरून नातं ठरत नाही. मग लिनियस चुकला तिथे मी चुकले तर काय बिघडलं? बिघडलं हे, की त्याने त्याच्या काळात जे दिसत होतं ते धरून लावलं. मी दिसत असलेलं काढून टाकलं. माझा सूक्ष्मदर्शक प्रयोगशाळेतल्या टेबलावर होता, आणि त्याच्यावरचं कापड मी उचललं नाही.

आणखी एक कबुली. खरं नाव कळल्यावर पहिला विचार आला तो पाकीट बदलायचा. नवं पाकीट, नवी चिठ्ठी, जुनी फाडून टाकली की संपलं. दोघांशिवाय कुणाला कळणार नव्हतं. विद्यार्थी तेवढ्यात सहज म्हणाला, "जुनी चिठ्ठी राहू द्या, खाली दुसरी चिकटवू." नमुन्यांच्या संग्रहात हीच पद्धत आहे. पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या अजरेकर संग्रहापासून थेट लंडनच्या क्यूपर्यंत, आधी कुणी काय म्हटलं ते पुसायचं नसतं. हेही मी शिकवलं होतं. ऐकताना कान गरम झाले.

टिपणवहीतलं ते वाक्यही खोडलं नाही. त्याच्यापुढे लिहिलं: 'स्थानिक बाईने लाकडावरची म्हणून बरोबर ओळखली. मी ऐकलं नाही.' पुढच्या पावसाळ्यात चहाच्या त्या टपरीवर दोनदा जाऊन आले. ती भेटली नाही.

त्या प्रदर्शनात कुणी तो फोटो पाहिला असेल, मी सांगितलेलं वळण कुणाच्या लक्षात असेल, तर विनंती आहे: 'खाद्य' हा शब्द विसरून जा. तिथलं पांढरं काहीही माझ्या भरवशावर तोंडात घालू नका.

पाकिटावर जुन्या चिठ्ठीखाली आता दुसरी चिठ्ठी आहे. 'इर्पेक्स, बहुधा लॅक्टिअस. डीएनए तपासणी केलेली नाही. कुजलेल्या लाकडावर. खाद्य असल्याची नोंद रद्द. झाड: माहीत नाही, लाकूड गोळा करणारीने काढून टाकलं.'