सांगितलं होतं

मी बंगालीतून मराठीत कादंबऱ्या आणते, पण त्यावर घर चालत नाही. घर चालतं ते दुसऱ्या अनुवादांवर. औषधाच्या खोक्यातली घडीपत्रकं, संमतिपत्रं, रुग्णालयातून घरी सोडताना हातात ठेवतात त्या सूचना. कोलकात्यात बसून इंग्रजीतून मराठीत हे काम मी गेली पंधरा-सोळा वर्षं करते आहे. तौलनिक साहित्याच्या एम.ए.ला आम्ही एकेका शब्दावर तास घालवायचो. इथे तशी सोय नाही. दर शब्दागणिक ठरलेला, आणि प्रत्येक इंग्रजी शब्दासमोर एक मान्य मराठी शब्द यादीत लिहिलेला. त्या यादीत ‘फ्लुइड’समोर ‘द्रवपदार्थ’ आहे. ‘द्रवपदार्थांचे सेवन दिवसाला दीड लिटरपर्यंत मर्यादित ठेवावे’ हे वाक्य मी वीसेक वेळा तरी लिहिलं असेल.

2018च्या उन्हाळ्यात हे वाक्य आमच्या घरी आलं. बाबांच्या हृदयाची ताकद कमी झाली होती. मिरजेत आठ दिवस ठेवून त्यांना घरी सोडलं. सोबतचं सूचनापत्र मी केलेलं नव्हतं, पण मीच केलंय असं वाटावं इतकं ते माझ्या भाषेत होतं. संध्याकाळी आईचा फोन आला. “ह्यांच्या कागदावर द्रवपदार्थ असं लिहिलंय. म्हणजे नेमकं काय गं?” मी एका कादंबरीच्या शेवटच्या प्रुफांवर बसले होते. म्हटलं, “अगं, पाणी कमी द्यायचं बाबांना. दिवसाला दीड लिटर, बास.”

आईने ते काटेकोर पाळलं. एक लिटरची बाटली सकाळी भरायची, ती संपली की अर्धी. त्यावर पाण्याचा थेंब नाही. बाबा तहानेने कासावीस झाले की ती त्यांना ताक द्यायची. सकाळी नाचणीची आंबील, दिवसातून चारदा चहा, जेवणात वाटीभर पातळ आमटी, दुपारी मोसंबीचा रस. कारण आजारी माणसाच्या अंगात ताकद यायला हवी. पाणी मात्र दीड लिटरच. अकराव्या दिवशी बाबांचे पाय पोटऱ्यांपर्यंत सुजले, रात्री आडवं झालं की दम लागायला लागला आणि पुन्हा मिरज. तिथल्या तरुण डॉक्टरांनी आईला वॉर्डात सगळ्यांसमोर विचारलं, “आजी, सांगितलं होतं ना तुम्हाला? कागदावर लिहूनसुद्धा दिलं होतं.”

आई म्हणाली, “चुकलं माझं.”

मी दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा हे मला मावशीने सांगितलं. आपण मुलीला विचारलं होतं आणि तिने असं असं सांगितलं, हे आई डॉक्टरांना बोलली नव्हती. मलाही बोलली नाही.

‘सांगितलं होतं’ हे शब्द तेव्हापासून माझ्या मागे लागले आहेत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कागदाने सांगितलं होतं, मीही सांगितलं होतं. तिघांनी आपापलं काम उरकलं. चूक जिच्या नावावर जमा झाली, तिने एकटीने मात्र सांगितल्याबरहुकूम सगळं केलं होतं. मग सांगण्याबरोबर सांगणाऱ्याची जबाबदारी संपते, की समोरच्याला कळेपर्यंत ती त्याच्याकडेच राहते?

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, द्रव्य म्हणजे औषध, उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा, आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण. शुश्रूषा करणाऱ्याचा पहिलाच गुण उपचारज्ञता, मग दक्षता, अनुराग आणि शुचिता. आईकडे शेवटचे तीन भरपूर होते. पहिला तिने आणायचा कुठून? म्हणून मी वैद्याचे गुण पुन्हा पाहिले. शास्त्राचं स्वच्छ ज्ञान, पुष्कळ अनुभव, दक्षता, शुचिता. समजावून सांगता येणं त्या चारांत नाही. गंमत म्हणजे रोग्याच्या गुणांत ‘ज्ञापकत्व’ आहे, आपल्याला काय होतंय ते रोग्याला नीट सांगता आलं पाहिजे. म्हणजे सांगण्याची कला पेशंटने शिकायची. चरकाला दोष देण्याचा हेतू नाही. चार पायांत शुश्रूषा करणाऱ्याला एक पूर्ण पाय देणं हीच केवढी मोठी गोष्ट आहे. पण ती जागा तेव्हापासून रिकामी दिसते खरी.

प्लेटोच्या ‘लॉज’मध्ये ह्याची दुसरी बाजू आहे. तिथे दोन तऱ्हेचे वैद्य येतात. गुलामांवर उपचार करणारा वैद्य कारण सांगत नाही, ऐकूनही घेत नाही. हुकूम देतो आणि पुढच्या रोग्याकडे धावतो. स्वतंत्र नागरिकांचा वैद्य रोग्याशी आणि त्याच्या माणसांशी बोलतो, आणि पटवून दिल्याशिवाय औषध देत नाही. पुढे एका ठिकाणी तो पहिला वैद्य दुसऱ्याला हसतो: अरे, तू ह्याला बरं करतोयस की शिकवतोयस, त्याला काय वैद्य व्हायचंय? वॉर्डात एका डॉक्टरवर साठ खाटा असतील तर हे हसू मला समजतं. तरी मिरजेच्या त्या सकाळी आई कुणाच्या रांगेत उभी होती, हे विसरता येत नाही.

ह्या प्रश्नाचं सर्वांत प्रामाणिक उत्तर मला ग्रंथांत नाही, बंगालीत सापडलं. 1971 साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला. सीमेवरच्या बनगावात डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडे शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा त्यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते पिंपांत भरलं आणि पाजायचं काम रोग्यांच्या नातेवाइकांवर सोपवलं. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 4 टक्क्यांच्या खाली आलं. ज्यांना आपण ‘रुग्णासोबतची गर्दी’ म्हणतो, त्याच माणसांनी हे केलं.

पण मला जास्त अडकवून ठेवते ती पुढची गोष्ट. फजले हसन आबेद यांच्या ब्रॅक ह्या संस्थेने 1979मध्ये सिलहट भागातल्या शाल्ल्यात प्रयोग करून पाहिला आणि 1980 ते 1990 ह्या दहा वर्षांत बांगलादेशच्या गावोगावी बायका पाठवून 1 कोटी 20 लाखांहून जास्त घरांतल्या आयांना मीठ-गुळाचं सरबत शिकवलं. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. पाकीट नाही, चमचा नाही; घरात असेल त्यातून आणि हाताच्याच मापाने, कारण मीठ जास्त पडलं तर तेच घातक. शिकवणारी बाई प्रत्येक आईसमोर बसायची, मुद्दे सांगायची आणि मग आईकडून सरबत करवून घ्यायची. महिन्याभराने दुसरं कुणीतरी येऊन त्यातल्या काही घरी विचारायचं, सरबत करायला लावायचं, त्यातलं मीठ तपासायचं. आणि आता मुद्द्याची गोष्ट: शिकवणारीचे पैसे ह्या दुसऱ्या भेटीवर ठरायचे. आईला जितकं आठवतं आणि जमतं तितके पैसे. आई नापास झाली तर पगार शिकवणारीचा कापला जाणार.

हे वाचलं तेव्हा मी माझ्या दराचा विचार केला. शब्दागणिक अमुक रुपये, समोरच्याला कळो न कळो.

त्यांचंही सगळं सरळ झालं नाही. आयांना कृती तोंडपाठ, पण मुलाला जुलाब झाले तरी सरबत फारच थोड्या जणी करत होत्या. शोध घेतल्यावर एक कारण असं निघालं की बऱ्याच शिकवणाऱ्यांचाच त्यावर विश्वास नव्हता. मग त्यांना ढाक्याला नेऊन हे सरबत शरीरात काय करतं ते समजावलं, आणि पुढे त्या घरोघरी स्वतः ते पिऊन दाखवू लागल्या. पुरुषांना वगळलं होतं, त्यांनाही बोलावायला सुरुवात झाली. दुसरं कारण मात्र थेट माझ्या धंद्यातलं. डॉक्टरांच्या लेखी जे सगळे जुलाब, ते आयांच्या लेखी चार वेगळे आजार होते: दूधहागा, अजीर्ण, आमाशा आणि डायरिया. तान्ह्याचं दूध बाधलं तर पहिला, खाणं बाधलं तर दुसरा, आव पडली तर तिसरा. ‘डायरिया’ म्हणजे फक्त पाण्यासारखे, जीवघेणे, कॉलऱ्याच्या जातीचे जुलाब. सरबत डायरियावर सांगितलंय म्हटल्यावर त्या ते डायरियालाच देत होत्या. आया बरोबर होत्या. त्यांच्या शब्दाचा घेर लहान होता, एवढंच.

आईचंही तेच झालं. तिच्या भाषेत पाणी म्हणजे पाणी. ताक हे अन्न, आंबील हे अन्न, चहा हा तर चहाच. आणि ‘द्रवपदार्थ’ हा शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला शब्द, स्वयंपाकघरात त्याला कुणी ओळखत नाही. अचूक शब्द तिच्यापर्यंत पोचला नाही, आणि पोचणारा शब्द मी चुकीचा दिला.

दुसऱ्यांदा सोडताना रात्रपाळीच्या सिस्टर आईजवळ येऊन बसल्या. केरळच्या, मराठी मोडकं. त्यांनी दीड लिटरचा जग पाण्याने भरला. “अम्मा, बाबा चहा पिला, कपभर पाणी ह्यातून काढायचं. ताक पिला, काढायचं. जग खाली, आज बंद.” मग जग पुन्हा भरून आईच्या हातात दिला: “आता तुम्ही दाखवा. बाबांनी आमटी खाल्ली.” आईने वाटीभर पाणी काढलं आणि विचारलं, “आणि भातावरची आमटी?” सिस्टर हसल्या आणि अर्धी वाटी आणखी काढायला लावली. ह्या सगळ्याला पाच-सात मिनिटं लागली असतील. आई घरी गेल्यावर रोज तो जग भरायची.

आता ह्यावर माझाच एक आक्षेप आहे, आणि तो बाबांनी शिकवला. बाबा निवृत्त विज्ञानशिक्षक. जगाचा हिशेब त्यांना आईच्या आधी कळला होता. पाय का सुजतात हे त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या माणसाला आकृती काढून समजावलं होतं. आणि घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यापासून ते फिरायला जातो म्हणून कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पिऊन यायचे. मी एकदा पकडलं तर म्हणाले, “मला माहीत आहे सगळं. एक कप माझा आहे.” शिकवणारीचे पैसे बाबांच्या परीक्षेवर ठरले असते तर तिला पूर्ण मिळाले असते आणि पेशंटने तरी चहा प्यायला असता. मग शिकवून काय मिळालं?

पुष्कळ विचार करून मी ह्या मताला आले आहे की शिकवण्याचा हेतू आज्ञापालन हा नाहीच. बाबांचा चहा ही बाबांची चूक होती, त्यांनी समजून उमजून केलेली, म्हणून तिच्यावर त्यांचा हक्क होता. आईची चूक तिची नव्हतीच, ती आमची होती आणि तिच्या पदरात टाकली होती. माणसाला कळेल असं सांगितल्याशिवाय त्याला दोषही देता येत नाही आणि त्याचा निर्णयही मानता येत नाही. ह्यात आणखी एक गोष्ट मला बोचते. बाबांच्या चहाची गोष्ट ऐकून सगळे हसायचे, डॉक्टरसुद्धा. आईच्या ताकाला कुणी हसलं नाही.

शिकवण्याने सगळं भागतं असंही मी म्हणणार नाही. रक्तक्षयाच्या पत्रकात मी लिहिते, आहारात पालेभाज्या, कडधान्ये, अंडी असावीत. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मासींना मी ते एकदा बंगालीत सांगितलं. त्या म्हणाल्या, दीदी, हे मला सेंटरवर दोन्ही बाळंतपणांत सांगितलंय. घरात अंडी दोन येतात आणि खाणारी माणसं पाच आहेत, त्यात माझा नंबर कितवा ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांना काही शिकवायचं उरलेलं नव्हतं. शिकवायचं असेल तर त्यांच्या नवऱ्याला आणि सासूला, आणि तेही पुरेल की नाही कोण जाणे.

आई आता एकटी असते. बाबा त्यानंतर तीन वर्षं राहिले. त्या फोनबद्दल मी तिला अखेर गेल्या दिवाळीत विचारलं. डॉक्टरांना का नाही सांगितलंस, माझ्या मुलीने असं सांगितलं म्हणून? ती करंज्या तळत होती. म्हणाली, “तू घाईत होतीस तेव्हा. मी परत विचारायला हवं होतं.”

गेल्या महिन्यात तेच वाक्य पुन्हा कामाला आलं. मी लिहिलं: ‘दिवसभरात पोटात जाणारं सगळं पातळ मिळून दीड लिटर: पाणी, चहा, दूध, ताक, आमटी, पेज, रस, सूप, सगळं ह्यात धरायचं.’ तपासणाऱ्याने ते खोडून ‘द्रवपदार्थ’ केलं आणि बाजूला शेरा मारला, मूळ मजकुरात नाही. मी त्यांना फोन लावला. ते म्हणाले, मॅडम, तुमचं बरोबर आहे, पण आम्हाला यादीबाहेर जाता येत नाही. मग मी यादी कोण करतं ते विचारलं, आणि त्या बाईंचा पत्ता घेतला.