आगीच्या दारातील पक्षपात

मोटारसायकल क्लबचा सभासद आणि अग्निशामक दलाचा जवान या दोन पुरुषांचे प्रेम हा इंग्रजी लोकप्रिय प्रणयकादंबरीला मानवणारा विषय. करमणूक म्हणून तो बाजूला सारणे सोपे आहे. परंतु या जोडीच्या निवडीतच एक जुना नैतिक पेच दडलेला आहे. दोन्ही संघटना आपल्या माणसाला ‘भाऊ’ म्हणतात. मात्र क्लबचे बंधुत्व आपल्यांपुरते असते. आगीत सापडलेला माणूस कोणाचा, हे विचारण्याचा अधिकार जवानाला नसतो. प्रेम हा तर मुळातच पक्षपात. त्यामुळे प्रियकर या नात्याने जवान स्वतःच्या गणवेशापेक्षा क्लबच्या जाकिटाला अधिक जवळचा ठरतो.

विल्यम गॉडविनने १७९३ मध्ये हा पेच जळत्या वाड्यातच मांडला : फेनेलॉन आणि दासी यांपैकी एकालाच वाचवता येत असेल तर लोकहितास्तव फेनेलॉनला वाचवावे, मग ती दासी आपली पत्नी वा आई का असेना. (पुढील आवृत्तीत दासीच्या जागी नोकर आला आणि आईच्या जागी पिता वा भाऊ, टीकाकारांचा रोष निवळावा, हा हेतू असावा.) उलट, पत्नीला वाचवताना तसे करण्याचे समर्थन शोधणाऱ्या पतीच्या मनात एक विचार जास्तीचा असतो, असे बर्नार्ड विल्यम्स १९७६ च्या निबंधात म्हणतो. पण ज्या चार्ल्स फ्राइडचा तो परामर्श घेतो, त्याने जहाजाच्या कप्तानासारख्या पदस्थाची गोष्ट वेगळी मानली होती. अग्निशामक जवान नेमका असा पदस्थ आहे.

अखेरच्या आगीत प्रियकर एकटाच अडकला, की कर्तव्य आणि प्रेम एकाच खिडकीकडे धावतात आणि पेच उरतच नाही. ही युक्ती सोयीची खरी, पण लबाड. जिलियन फ्रीमनने इलियट जॉर्ज या टोपणनावाने लिहिलेल्या ‘द लेदर बॉइज’ (१९६१) या कादंबरीत अशी पळवाट नाही. इंग्लंडमध्ये पुरुषांमधील असे संबंध १९६७ पर्यंत गुन्हा होते. तेथील दोन तरुणांचे प्रेम लपूनच वाढते आणि त्यांपैकी एकाचा अंत होतो. १९६४ च्या चित्रपटात तर हे प्रेम फलद्रूपच होत नाही.

लपवणुकीचा हा मुद्दा जवानाच्या बाबतीत निर्णायक ठरतो. शेजारच्या खोलीत अनोळखी मूल आहे, असे समजू. ज्याचे नाते उघड आहे तो अधिकाऱ्याला सांगू शकतो की आत आपला माणूस आहे, त्या मजल्यावर दुसऱ्याला पाठवा. ज्याने ते लपवले आहे तो मुकाट्याने जिना चढतो, आणि दोन दारांपैकी एकासमोर त्याचे पाऊल का अडखळले, हे मागून येणाऱ्या ‘भावा’ला कळत नाही.