पहिल्या वाक्यानंतर

धाकटी बहीण मुलांना घेऊन वेगळी राहू लागली, त्या रात्री मी तिला ‘ॲना कॅरेनिना’चं (१८७८) पहिलं वाक्य पाठवलं. सुखी-दुःखी कुटुंबांविषयीचं, नेहमी फिरणारं. तिचं उत्तर आलं : “छान आहे, ताई. पण त्या घरात स्वयंपाक कोण करत होतं?”

राग आला. तरी पुस्तक काढलं. टॉल्स्टॉय त्या वाक्यावर थांबतच नाही, लगेच घरात शिरतो. नवऱ्याचं प्रकरण उघडकीला आलंय, बायको खोलीबाहेर येत नाही, मुलं मोकाट, आणि आचारी आदल्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी निघून गेलाय. हे कुणी अवतरण म्हणून पाठवत नाही. मी तर अनुवादक!

ते वाक्य तिच्यासाठी निवडलं होतं, की फोन करावा लागू नये म्हणून?

फोन लावला. धाकट्याला ताप होता, दूध नासलं होतं.