बयाणा



बेथलेहेम म्हणजे भाकरीचे घर. त्याच गावात दुष्काळ पडला, तेव्हा नामी नवरा आणि दोन मुलांसह मवाब देशात पोट भरायला गेली. परक्या देशाची ओढ तिला होती, असे रूथच्या पुस्तकात कुठे लिहिलेले नाही.

दिवाळी सरली की आपल्या तालुक्यातल्या वीटभट्ट्यांवर जव्हार-मोखाड्याकडची कातकरी, वारली कुटुंबे येतात. ‘गावात कष्ट नकोत म्हणून येतात,’ असे आपल्यातलेच काही म्हणतात. (मीही एके काळी तसेच समजत होतो.) तिकडे पाऊस भरपूर, पण पाणी डोंगरावरून वाहून जाते. भात, नाचणी, वरईचे एकच पीक. ते हाती येण्याआधी, ऐन पावसाळ्यात घरातले धान्य संपते आणि नेमका तेव्हाच भट्टीचा मुकादम बयाणा देतो. तांदूळ, आजारपण, लग्न यांत ते पैसे जातात. मग पुढच्या पावसापर्यंत नवरा, बायको, पोरे मिळून ते फेडतात. हजार विटांमागे ठरलेल्या दरातून बयाणा आणि आठवड्याची खर्ची वजा होते. वही मालकाकडे! बाकी निघाली, तर ती पुढच्या वर्षावर.

सेमिनरीत इच्छास्वातंत्र्यावर आम्ही तासन्‌तास वाद घालत असू. मजूर स्वतःच कबूल झाला, मग अन्याय कसला? पोप लिओ तेरावे यांनी 1891 सालच्या ‘रेरूम नोव्हारूम’ या परिपत्रकात उत्तर दिले आहे: गरजेपोटी किंवा आणखी वाईटाच्या भीतीने जो जाचक अटी मान्य करतो, तो बळजबरीचाच बळी असतो. बयाण्यापोटी माणसाला अडकवून ठेवणे 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरवले. गावातच काम मिळावे म्हणून महाराष्ट्राने 1977 साली रोजगार हमीचा कायदाही केला. पण सरकारी कामाची मजुरी हातात पडायला अनेकदा कित्येक आठवडे लागत आले. मुकादम मात्र रोख देतो, त्याच दिवशी, दारात येऊन. भुकेल्या घराने कोणाची वाट पाहावी?

मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्या, असे अनुवादाच्या पुस्तकात सांगितले आहे. आपल्यापैकी काहींची घरे याच विटांची आहेत, काहींचे टेम्पो भट्टीवर जातात. त्यांनी तिथे एवढेच विचारावे: हिशेबाची एक वही मजुराकडेही आहे का? कार्यालयात शंभरपानी वह्या आणून ठेवल्या आहेत. मजुरांना त्या लिहून देण्यासाठी आठवड्यातला एक तास देतील अशी मुले-मुली हवी आहेत. नावे मिस्सानंतर माझ्याकडे द्यावीत.

तुमचे धर्मगुरू