न घडलेल्या अपघाताचा दोष

एकाच वाडींतील दोघे गडी सकाळीं साखळी-करवत घेऊन झाडें तोडावयास निघाले, असें समजूं या. दोघांनींही यंत्र तपासलें नाहीं. दोरी ओढली आणि कामास लागले. एक सायंकाळीं सुखरूप घरीं परतला. दुसऱ्याच्या करवतीची साखळी, घोडा सोडल्यावरही, फिरतच राहिली. आणि फांद्या ओढावयास आलेल्या शेजाऱ्याच्या पायास खोल जखम झाली. गांव दुसऱ्यास दोष देईल. पहिल्यास कोणी कांहीं म्हणणार नाहीं. हा न्याय खरा आहे काय?

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नव्हे. 3 जून 2020 रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां आंब्याचीं व माडांचीं झाडें रस्त्यांवर व घरांवर कोसळलीं, आणि वाट मोकळी करावयास पेट्रोलवर चालणारीं हींच यंत्रें कामीं आलीं. लोक ज्यास ‘कटर’ म्हणतात तें हत्यार आतां खेड्यापाड्यांत पोहोंचलें आहे. त्याची साखळी भर वेगांत एका सेकंदास 20 मीटर किंवा अधिक धांवते. पट्टीच्या टोंकाचा वरचा भाग लाकडास लागला तर करवत डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच उलटून तोंडाकडे येते.

अशा हत्याराची तपासणी थोडक्या वेळाची आहे. यंत्र बंद असतां, हातमोजा घालून, साखळी ओढून पाहावी. ती पट्टीच्या खालीं लोंबूं नये, पण हातानें सहज फिरावी. तापल्यावर ती सैल होते, म्हणून कामांतही पुन्हां पाहावी. दांते बोथट असले तर चिपांऐवजीं भुसा पडतो, आणि माणूस अंगाचा जोर लावूं लागतो. तेथेंच तोल जातो. पुढील मुठीसमोरची ढाल तडकलेली नसावी, स्क्रू घट्ट असावे, पेट्रोल गळत नसावें. मागच्या मुठीवरील खटका दाबल्यावांचून वेगाचा घोडा दाबला जाऊं नये. मग पेट्रोल भरल्या जागेपासून निदान 3 मीटर दूर, करवत जमिनीवर घट्ट धरून, ब्रेक लावून सुरू करावी. ब्रेक सोडल्यावर, घोडा न दाबतां, साखळी स्थिर राहावी. वेग देऊन ढाल पुढें ढकलतांच ती तत्काळ थांबावी. आणि बंद करण्याच्या बटणानें यंत्र खरोखर बंद व्हावें. अमेरिकेंत 1994 साली लाकूडतोडीसंबंधीं जे सरकारी नियम झाले, त्यांत प्रत्येक पाळींत प्रथम वापरण्यापूर्वीं हत्यार तपासण्याचें बंधन मालकावर घातलें आहे.

कोणी म्हणेल, “मीं वर्षानुवर्षें न पाहतां काम केलें, कांहीं झालें नाहीं.” खरें, पण जें झालें नाहीं त्यांत त्याचें कर्तृत्व कोणतें? आपल्या दोघां गड्यांनीं सकाळीं जें केलें तें एकच होतें. भेद होता तो यंत्रांत, आणि यंत्राकडे दोघांनींही पाहिलें नव्हतें. ज्यानें पाहिलें नाहीं त्यास सुखरूपतेचें श्रेय घेतां येत नाहीं. दुसऱ्यावर शेजाऱ्याच्या औषधपाण्याचा व बुडालेल्या मजुरीचा भार अधिक पडतो, हें निर्विवाद. परंतु भरपाई निराळी आणि दोष निराळा. भरपाई जखमेबरोबर उत्पन्न झाली. दोष सकाळींच घडला होता, आणि तो दोघांचा सारखाच होता.

मोशेच्या नियमशास्त्रांत लाकूड तोडतांना कुऱ्हाडीचें पातें दांड्यांतून निसटून शेजारी मेला, तर त्या मनुष्यास आश्रयनगराची वाट मोकळी ठेविली आहे. कारण त्याच्या मनांत वैर नव्हतें. पण त्याच ग्रंथांत नव्या घराच्या धाब्यास कठडा बांधण्याचीही आज्ञा आहे. जो नकळत चुकला त्यास खुनी म्हणूं नये. परंतु जें आधीं कळूं शकत होतें तें कळून घेण्याचें कर्तव्य त्यामुळें सुटत नाहीं.

यांत मालकाचाही वांटा आहे. रोजानें आलेला गडी करवत खालीं ठेवून दांते पाहूं लागला कीं, “चल, उशीर होतो,” असें जो म्हणतो, तो त्या गड्याच्या हातापायांवर आपली घाई लादतो. गड्यास पोटासाठीं ‘नाहीं’ म्हणवत नाहीं. म्हणून तपासणीचा वेळ मजुरींत धरणें हें मालकाचें काम आहे.

राहिला तो सुखरूप परतलेला गडी. त्याचा दोष कोणी पाहिला नाहीं, म्हणून कोणी त्यास तो सांगणार नाहीं; त्याचा त्यानेंच ओळखला पाहिजे. उद्यां सकाळीं दोरी ओढण्यापूर्वीं तो करवत जमिनीवर ठेवून खालीं बसला व साखळीस हात लाविला, तर त्यानें तो ओळखला असें समजावें.